मोहन बंधूंचं गॅरेज, जबलपूर

‘चलती का नाम गाडी’ या १९५८ सालच्या सिनेमाची गोष्ट चार वाक्यांत सांगून होते. तीन भाऊ, त्यांचं एक गॅरेज. थोरल्याला बायकांचा तिटकारा, म्हणून धाकट्या दोघांनाही बाईच्या वाऱ्याला उभं राहायची बंदी. पावसाच्या रात्री एका तरुणीची गाडी बंद पडते, धाकटा ती दुरुस्त करतो, ती मजुरीचे पाच रुपये बारा आणे द्यायचं विसरून निघून जाते आणि तो वसुलीसाठी तिच्या मागे लागतो. पुढे कारस्थानी राजासाहेब, कोंडून ठेवलेली एक दुर्दैवी स्त्री, मारामारी आणि लग्नं. एवढ्याशा भांडवलावर माणसं पासष्टहून अधिक वर्षं हसत आली आहेत, आणि हा सिनेमा पुन्हा करायचा मोह अनेकांना झालेला आहे. त्यातला एक मोठा प्रयत्न मराठीत झाला. तो मोह का होतो, तो पुरा करताना हाताशी काय लागतं आणि काय निसटतं, याचा विचार करायला मला जबलपूरसारखं दुसरं गाव दिसत नाही. कारण या सिनेमातला थोरला भाऊ, अशोककुमार, जबलपूरच्या रॉबर्टसन कॉलेजात शिकला. आणि ज्या रुळांवरून बंगाली विनोद हिंदीत आला, तिथून मराठीत उतरला, त्या रुळांची जोडणीही याच गावात झाली.

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून अलाहाबादमार्गे आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना भेटल्या. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरं लोखंडाने जोडली गेली ती इथे. याच मार्गावर जबलपूरच्या पश्चिमेला, इटारसी ओलांडून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, खांडवा लागतं. कुंजलाल गांगुली नावाचे बंगाली वकील त्या गावी स्थायिक झाले ते तिथल्या कमाविसदार गोखल्यांच्या बोलावण्यावरून. मराठी घराण्याला वकील हवा होता, म्हणून एक बंगाली कुटुंब निमाडात आलं, आणि त्या घरात अशोक, अनुप आणि किशोर वाढले. घरात बंगाली, अंगणाबाहेर निमाडी वळणाची हिंदी, आणि शेजारीपाजारी मराठी. या तिघांच्या विनोदात कुठल्याही एका गावचा शिक्का का नाही, याचं अर्धं उत्तर मला या पत्त्यात सापडतं.

अशोककुमारांचा जन्म १३ ऑक्टोबर १९११ चा आणि किशोरकुमारांचा ४ ऑगस्ट १९२९ चा. मध्ये अठरा वर्षांचं अंतर. धाकट्याला कळायला लागलं तेव्हा थोरला ‘अछूत कन्या’चा नायक होऊन बसला होता, आणि तो चौदाचा असताना ‘किस्मत’ देशभर गाजत होता. म्हणजे थोरला हा भाऊ कमी आणि वडील जास्त. किशोरने नट व्हावं ही थोरल्याची इच्छा, आणि किशोरला तर गायचं होतं. ही खेचाखेच घरात बरीच वर्षं चालली. १९५८ मध्ये दिग्दर्शक सत्येन बोस यांनी त्या तिघांना एका गॅरेजात उभं केलं तेव्हा पडद्यावरची बंदी आणि घरातला धाक यांत फारसं अंतर राहिलं नव्हतं. अशोककुमारांचा ब्रिजमोहन नुसता खाकरला तरी किशोरच्या मनमोहनचं अंग आक्रसतं, ते दिग्दर्शकाने शिकवलेलं नसणार. ते खांडव्याहून आलं आहे.

मला सिनेमाबद्दल जे म्हणायचं आहे ते हेच. ‘चलती’चा विनोद कथेत नाही, संवादांतही पूर्ण नाही. कॅमेरा सुरू होण्याआधी त्या तिघांत जे नातं होतं, त्यात तो आहे. म्हणून या सिनेमाची कथा कुणीही उचलू शकतो, विनोद मात्र कथेसोबत येत नाही. नव्याने करू पाहणाऱ्याने आधी असं एखादं नातं शोधायला हवं, जे चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशीच जुनं असेल.

या तिघांत अनुपकुमारांचं नाव सगळ्यांत कमी घेतलं जातं, आणि माझ्या मते सिनेमा त्यांच्यावर उभा आहे. १९२६ चा जन्म, एका बाजूला हिंदी पडद्याचा पहिला मोठा तारा, दुसऱ्या बाजूला किशोर. त्यांचा जगमोहन हा घाबरट, मधला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. पण किशोरने काही उचापत केली की कॅमेरा जगमोहनच्या चेहऱ्याकडे वळतो आणि हसू तिथे फुटतं. आगाऊपणा एकट्याने करता येत नाही, तो पाहून हादरणारं कुणी तरी समोर लागतं. किशोरच्या गाण्यातलं ते प्रसिद्ध यॉडलिंगही मुळात अनुपच्या परदेशी तबकड्यांवरून घरात शिरलं असं सांगितलं जातं. मधल्या भावांच्या वाट्याला येणारं श्रेय साधारण एवढंच असतं. तुम्ही हा सिनेमा पुन्हा पाहणार असाल तर एकदा फक्त अनुपकुमारांकडे बघत पाहा. प्रत्येक विनोद कुठे सुरू होतो आणि कुठे पोचतो ते उलगडतं.

आणि मधुबाला, गाडी बंद पडलेल्या त्या तरुणीच्या भूमिकेत. तिच्या रेणूबद्दल लिहिताना लोक पावसात भिजलेल्या त्या एका गाण्यापाशी थांबतात. मी तिच्या हसण्यापाशी थांबतो. किशोरच्या लीलांना ती जे हसते, त्यातलं थोडं तरी कागदावर नसलेलं असावं असं वाटत राहतं. ओठ दाबून धरते, मान वळवते, मग सोडून देते. १९५८ सालच्या हिंदी सिनेमात एक मुलगी मध्यरात्री स्वतःची गाडी स्वतः चालवत येते, अनोळखी गॅरेजात मेकॅनिकला उठवते, आणि घाबरत नाही. सबंध सिनेमात स्त्रीद्वेषावर जो विनोद होतो त्याचा नेम ब्रिजमोहनवर आहे, बायकांवर नाही. हा माणूस मनातून दुखावला आहे आणि म्हणून हास्यास्पद झाला आहे, हे सिनेमा आपल्याला लवकर सांगून ठेवतो. ही काळजी नंतरच्या अनेकांनी घेतली नाही. स्त्रीद्वेष्टा थोरला म्हटलं की बायकांची टिंगल करायचा परवाना मिळाला, अशी त्यांची समजूत होते. नव्याने करताना पाय घसरायची पहिली जागा ही.

सिनेमाच्या गाण्यांतही उसनवारी आहे, आणि ती कशी करावी याचा तो वस्तुपाठ आहे. मर्ल ट्रॅव्हिस या अमेरिकन गायकाने १९४६ मध्ये ‘सिक्स्टीन टन्स’ हे कोळसा खाणकामगाराचं गाणं रचलं. कितीही कोळसा उपसला तरी कंपनीच्या दुकानाचं कर्ज फिटत नाही, अशी त्या कामगाराची कैफियत. १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्डच्या खर्जातल्या आवाजात ते जगभर पसरलं. सचिनदेव बर्मन यांनी त्यातली चाल आणि टिचकीचा ताल घेतला आणि मजरूह सुलतानपुरींच्या शब्दांसह, पावसात भिजलेल्या त्याच गाण्याच्या रूपात, ते मध्यरात्रीच्या गॅरेजात आणून ठेवलं. पान्याचा ठोका, पत्र्याचा आवाज, बोनेटवर पडलेली थाप यांचा मिळून वाद्यवृंद झाला. खाणीतल्या माणसाच्या गळ्यातलं ओझं गेलं, पण हातांना काळं लागलेल्या कष्टकऱ्याचं गाणं हे मूळ नातं राहिलं. शिवाय देण्याघेण्याचा हिशेबही राहिला, कारण याच रात्रीतून पाच रुपये बारा आण्यांची थकबाकी जन्माला येते. घेतलेल्या वस्तूचा कणा ओळखायचा आणि अंग आपल्या मातीचं द्यायचं, हे बर्मनदांनी तीन-चार मिनिटांत करून दाखवलं आहे.

सत्येन बोसांना तर हे काम अंगवळणीच पडलेलं होतं. १९४९ मधला स्वतःचाच बंगाली ‘परिवर्तन’ त्यांनी १९५४ मध्ये हिंदीत ‘जागृति’ म्हणून पुन्हा केला होता. बंगालीतून हिंदीत विनोदाची वाहतूक त्या काळात सतत चालू होती. शेजारणीच्या प्रेमात पडलेल्या बावळटाचा ‘पाशेर बाडी’ १९६८ मध्ये ‘पडोसन’ झाला आणि किशोरकुमार तिथेही धुमाकूळ घालायला हजर होते. ‘छद्मवेशी’ १९७५ मध्ये ‘चुपके चुपके’ झाला, आणि त्यातली जया भादुरी ही जन्माने जबलपूरची. ‘जय मा काली बोर्डिंग’ हा १९५५ चा बंगाली सिनेमा १९६६ मध्ये हृषीकेश मुखर्जींनी ‘बीवी और मकान’ म्हणून हिंदीत आणला. तो आला कधी आणि गेला कधी हे फारसं कुणाला आठवत नाही. मग १९८८ मध्ये सचिन पिळगावकर, वसंत सबनीस आणि किरण शांताराम यांनी त्याच बीजातून ‘अशी ही बनवाबनवी’ केला.

‘बनवाबनवी’बद्दल मराठी वाचकाला सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यातली वाक्यं आता म्हणींसारखी वापरली जातात. मला एवढंच नोंदवायचं आहे की तिथेही नातं आधीचं होतं. वसंत सबनीस हे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे. बाईचं सोंग घेतलेला पुरुष मराठी रंगमंचावर वगापासून संगीत नाटकापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला होता. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीला साडी नेसवायला म्हणून मराठी प्रेक्षकाला काही पटवून द्यावं लागलं नाही. शिवाय पुण्यात बिनलग्नाच्या मुलांना खोली मिळत नाही, ही अडचण पाहणाऱ्याची स्वतःची होती. बंगालीत आणि हिंदीत जो प्रसंग होता, तो मराठीत अनुभव झाला. २००९ मध्ये हीच गोष्ट ‘पेइंग गेस्ट्स’ नावाने हिंदीत परत गेली, तेव्हा अडचण हरवली होती आणि नुसती साडी उरली होती.

आता मराठीतल्या ‘चलती’कडे. २००७ मधला ‘साडे माडे तीन’. दिग्दर्शक म्हणून अंकुश चौधरी यांचा हा पहिला सिनेमा. तीन भाऊ: अशोक सराफ, मकरंद अनासपुरे, भरत जाधव. अमृता खानविलकर मधुबालाच्या जागी, सोबत सिद्धार्थ जाधव. या निवडीकडे नीट पाहिलं तर ती किती विचारपूर्वक होती ते ध्यानात येतं. अशोक सराफ यांचं नाव अशोककुमारांवरून ठेवलेलं. म्हणजे ज्या नटाच्या नावाने बारसं झालं, त्याचीच भूमिका साठीच्या घरात पोचल्यावर त्यांच्याकडे चालत आली. त्याआधी वीस वर्षं, १९८७ च्या ‘गंमत जंमत’मध्ये, किशोरकुमार त्यांच्यासाठी मराठीत गायले होते. ते गाणं अजून लग्नाच्या वरातींतून वाजतं. किशोरकुमार गेले ते त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, थोरल्या भावाच्या वाढदिवशी. खांडव्याच्या दोन्ही भावांशी अशोक सराफ यांचं असं दुहेरी नातं आहे, आणि ते कुणी योजून जुळवलेलं नाही.

भरत जाधव आणि अंकुश चौधरी हे १९९३ च्या ‘ऑल द बेस्ट’ नाटकातले सोबती. नाटकाचे दौरे, बसचे रात्रीचे प्रवास, एकाच्या विसरलेल्या वाक्यावर दुसऱ्याने मारलेली उडी, यांतून जे भाऊपण तयार होतं ते रक्ताच्या नात्याहून फार कमी नसतं. सिनेमात दिग्दर्शकाला आपला नट कुठे वळेल हे आधीच माहीत असल्यासारखं दिसतं. आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्याची बोली घेऊन येतात. खरं पाहता तीन सख्ख्या भावांच्या बोलण्याला तीन वेगवेगळी वळणं असणं हे तर्काला धरून नाही. पण ते खटकत नाही, कारण प्रेक्षक त्या तिघांना आधीपासून ओळखतो. मुंबईच्या व्यावसायिक नाटकाचा प्रमुख नट, त्याच्यानंतरच्या पिढीचा ‘सही रे सही’वाला, आणि ग्रामीण विनोदाचा नवा चेहरा: मराठी विनोदाच्या घरातले हे तीन भाऊच म्हणायचे. ‘साडे माडे तीन’चं सगळ्यांत मोठं यश मला हे वाटतं. किशोरकुमारची नक्कल करणारा नट त्यांनी शोधला नाही. भरत जाधव यांची लय वेगळी आहे, ते शब्दांवरून घसरत धावतात, आणि त्यांना तसंच धावू दिलं.

जिथे हा सिनेमा कमी पडतो ती जागाही सांगायला हवी. ‘चलती’त गॅरेज हे घर आहे, धंदा आहे आणि तुरुंगही. मराठीत ते बरंचसं नेपथ्य राहिलं. तेलाचा वास येत नाही. २००७ सालच्या महाराष्ट्रात गॅरेज चालवणारी माणसं कशी जगत होती, कुठल्या गाड्या त्यांच्याकडे येत होत्या, नव्या कंपन्यांची झगमगीत सर्व्हिस सेंटर्स त्यांचं गिऱ्हाईक कसं ओढून नेत होती, यातलं काही आत आलं असतं तर विनोदाला खाली दगड लागला असता. ‘बनवाबनवी’त जी खोलीची वणवण होती, तसं काही इथे नाही.

केवळ नातं असून भागत नाही, याचा पुरावा खुद्द किशोरकुमारांनीच देऊन ठेवला आहे. १९७४ मध्ये त्यांनी ‘बढती का नाम दाढी’ केला. तेच तिघे भाऊ, ‘चलती’तले खलनायक के. एन. सिंहही पुन्हा, शिवाय दिग्दर्शन स्वतःचं. सगळं होतं, आणि तरीही तो सिनेमा सैल पडतो. मोकळं रान मिळालेला किशोर आणि सत्येन बोसांनी आखलेल्या चौकटीत फटी शोधणारा किशोर यांत दुसरा अधिक हसवतो. ‘चलती’ मुद्दाम तोट्यासाठी काढला आणि चुकून चालला, हा किस्सा मोठ्या आवडीने सांगितला जातो. पण त्यातली प्रत्येक रचना पाहिली की इतकी काटेकोर वस्तू निष्काळजीपणातून तयार होते यावर माझा विश्वास बसत नाही.

तर मग आज कुणी हा सिनेमा पुन्हा करायचा ठरवला तर? मी तो जबलपुरात आणेन, आणि मराठीत करेन. हे मनात आलं ते अशोककुमारांच्या कॉलेजमुळे नाही. ते आलं एका गाडीमुळे.

मूळ सिनेमात भावांची एक जुनी खटारा शेवर्ले आहे, आणि ती सिनेमातलं चौथं भावंडच आहे. जबलपूरकडे त्या तोडीची गाडी आहे: जोंगा. १९६९ मध्ये इथे व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. निसानच्या ‘पॅट्रोल’ या गाडीच्या परवान्यावर लष्करासाठी तिथे जी जीप तयार होऊ लागली तिचं नाव जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून आलं. सहा सिलिंडरचं, चार लिटरच्या घरातलं पेट्रोल इंजिन. डोंगर चढायला वाघीण आणि पेट्रोल प्यायला त्याहून मोठी. शक्तिमान ट्रकही याच कारखान्याचे. १९९९ च्या सुमारास जोंगाचं उत्पादन थांबलं. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जोंगा हौशी लोकांनी घेतल्या, कुणी त्यांत डिझेल इंजिन बसवलं, कुणी मूळ इंजिनासाठी सुटे भाग शोधत गावं पालथी घातली. जी गाडी ज्या गावात जन्मली, त्याच गावात तिची देखभाल करणारे जाणते हात असणं यात आश्चर्य नाही. १९०४ ची गनकॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, मग व्हेइकल फॅक्टरी: या गावाच्या दोन-तीन पिढ्या भोंग्याच्या वेळेवर उठल्या आहेत.

त्या भोंग्यावर उठणाऱ्यांत मराठी घरंही होती. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून १८१७ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला, पुढे नागपूर आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात राहिले. कारकून, मास्तर, वकील, रेल्वेचे बाबू आणि कारखान्यांतले फोरमन म्हणून मराठी माणसं इथे आली आणि राहिली. आज त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीत एक गोष्ट सर्रास दिसते: आजीशी मराठी, आईशी अर्धं-अर्धं, आणि भावंडं आपापसांत हिंदी. बाहेर पडलं की पोहे-जिलबीच्या टपरीवर ‘काय बड्डे’ म्हणून हाक, ती बुंदेली सुरातली. बंगाली बोलणाऱ्या घरातून निमाडी हिंदीत उतरणाऱ्या गांगुली बंधूंची जी अवस्था होती, ती इथल्या मराठी भावांची आजही आहे. ‘साडे माडे तीन’मध्ये तीन भावांच्या तीन बोली नटांमुळे आल्या. इथे त्या गोष्टीतूनच येतील: थोरला वडिलांच्या धाकाने घरात शुद्ध मराठीचा आग्रह धरणारा, मधला हिंदीत विचार करून मराठीत बोलणारा आणि वाक्याच्या मध्यावर अडकणारा, धाकटा दोन्हींत बुंदेली कालवून बिनदिक्कत पुढे जाणारा. थोरला रागावला की भाषा सुधारतो आणि धाकट्यांना ती ऐकूनच कापरं भरतं, असा एक धागा सबंध सिनेमाभर खेळवता येईल.

वडील व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तीन मुलांचं जबलपुरातल्या रांझीच्या बाजूला गॅरेज. जुन्या लष्करी गाड्यांचं काम ही त्यांची ओळख आणि तीच त्यांची अडचण, कारण अशा गाड्या संपत चालल्या आहेत. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा या वसाहतींत जी घालमेल झाली तीही मागे ऐकू यावी. विनोदाला खाली दगड लागतो म्हणालो, तो हा.

रेणूचं काय करायचं? जबलपूर हे उच्च न्यायालयाचं गाव. तिला मी तरुण वकील करेन. भेडाघाटाकडून पावसात परतताना तिची गाडी बंद पडते. टोचन लावून आणावी लागते ती जोंगाला, आणि ओढताना मूळ गाडीपेक्षा जोंगाच जास्त नखरे करते. थोरल्याचा स्त्रीद्वेष मात्र १९५८ मध्ये होता तसाच्या तसा घेता येणार नाही. ब्रिजमोहनला कामिनीने, म्हणजे कोंडून ठेवलेल्या त्या स्त्रीने, फसवलं असा त्याचा समज होता आणि तो समज शेवटी खोटा ठरला, एवढ्यावर तेव्हा भागलं. आजची वकील मुलगी त्याला विचारेल, की एका बाईने फसवल्याची शिक्षा धाकट्या दोन भावांना कुठल्या कलमाखाली? ती त्याची उलटतपासणी घेते असा एक सबंध प्रसंग गॅरेजात व्हावा. साक्षीदार मधला भाऊ, आणि तो नेहमीप्रमाणे कचरतो. हसू थोरल्यावर, पण त्याचं दुखणं खरं. अशोककुमारांनी जो तोल सांभाळला होता, तो इथे नव्या हत्यारांनी सांभाळता येतो.

पाच रुपये बारा आण्यांनी मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावला. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे सुरू झाले होते, तरी सिनेमा आण्यांतच बोलतो. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. रक्कम एवढी क्षुल्लक की ती मागायला जाणं हाच विनोद, आणि मनमोहन ती मागायला रंगमंचाच्या मागच्या दारापर्यंत पोचतो. आज हे बसत नाही. भिंतीवर क्यूआर कोडचा कागद डकवलेला असतो, ती निघायच्या आधी फोन पुढे करेल आणि पैसे मिळाल्याचं यंत्र मोठ्याने जाहीर करेल. थकबाकी संपली, गोष्टही संपली. गोष्ट १९९९ मध्ये ठेवली तर प्रश्न सुटतो, पण सोपं जातं म्हणून मागच्या काळात पळणं मला मान्य नाही. त्यापेक्षा असं व्हावं: काम करता करता धाकट्याचा पाना तिच्या गाडीत राहतो. वडिलांचा पाना, कारखान्यातल्या पहिल्या वर्षांपासून जपलेला, जोंगाच्या एका विशिष्ट नटाला बसणारा आणि बाजारात न मिळणारा. थोरल्याला कळलं तर घरात प्रलय. मागायला जावं तर बंदी मोडते, न जावं तर जोंगा उघडत नाही. बर्मनदांनी खाणकामगाराच्या कर्जाला गॅरेजात आणलं तसं हे देणंही नव्या काळात आणता येईल, आणि यात पैशापेक्षा मोठं काही अडकलेलं आहे.

हे सगळं लिहायला जबलपुरातच राहणारा माणूस हवा, मुंबईहून दहा दिवसांसाठी आलेला नको. हे गाव विनोदाला नवखं नाही. हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाई इथे राहिले, इथून ‘वसुधा’ हे मासिक काढलं, ‘देशबंधु’तल्या सदरातून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, आणि १९९५ मध्ये इथेच गेले. ‘विवेचना’ या इथल्या नाट्यसंस्थेने परसाईंच्या लेखनातून अरुण पांडेय यांच्या दिग्दर्शनाखाली ‘निठल्ले की डायरी’ उभं केलं. कागदावरचा विनोद रंगमंचावर आणताना नटांच्या अंगाने तो नव्याने शोधावा लागतो, हे काम या गावाने केलेलं आहे. रांझीचे रघुवीर यादव तर आधी पारशी थिएटरच्या धाटणीच्या कंपनीत गात-नाचत फिरले, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, ‘मॅसी साहिब’पासून ‘पंचायत’पर्यंत पोचले. त्यांना मी या सिनेमात गॅरेजच्या समोरच्या दुकानात बसवेन. वडिलांचा जुना सहकारी, सगळं पाहणारा, आणि योग्य वेळी एक तान घेणारा. के. एन. सिंहांच्या भारदस्त खलनायकाला आजच्या गावात काही स्थान नाही. गॅरेजची जागा हवी असलेला बिल्डर फार वापरून झाला, तोही नको. जुन्या गाड्या भंगारात काढायच्या मोबदल्यात भावांना नवी कोरी नोकरी देऊ करणारा गोड बोलणारा माणूस पुरे, कारण त्याचं म्हणणं अर्धं बरोबर असेल.

राहतात ते तीन भाऊ, आणि निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कथेपासून नाही. नामवंत तीन नट वेगवेगळ्या दिशांनी गोळा केले की तारखा जुळतात, भाऊ जुळत नाहीत. जबलपूर, नागपूर, इंदूर, भोपाळ इथल्या हौशी मराठी नाट्यमंडळांत वर्षानुवर्षं एकत्र कामं करणारे, एकमेकांच्या खोड्या तोंडपाठ असलेले तिघे मिळतील. त्यांना एखाद्या चालत्या गॅरेजात महिनाभर खरं काम करायला लावावं, प्लग साफ करण्यापासून क्लच प्लेट उतरवण्यापर्यंत. मग मधल्याला आधी निवडावं. किशोर सगळ्यांना हवा असतो, पण अनुपकुमार मिळाल्याशिवाय बाकीच्या दोघांची नावं कागदावर लिहू नयेत.